घोडेस्वार साहेबाची पाटी

सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना नगरहून दिल्लीला घेऊन आलो, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मला दिल्ली केव्हाच मानवली होती. हिवाळ्यात अंगणात उन्हाला बसून संत्री सोलायला मिळाली की मला दुसरं काही नको असतं. आईंना मात्र परत जायचं होतं. "इथं माझं काय काम?" हे त्या रोज विचारायच्या. नगरच्या चर्चमध्ये नाताळाआधी पितळ घासायचा मान त्यांचा. इथे सगळी उपासना हिंदीत. कुणाशी दोन शब्द बोलायचे तरी त्या मला पुढे करायच्या.

इथल्या चर्चच्या भिंतीवर एक मोठी पितळी पाटी आहे, इंग्रजांच्या घोडदळातल्या कुणा कॅप्टनची. मोठा पराक्रम गाजवून तरणाताठा गेला म्हणे. पराक्रम कुणाविरुद्ध, ते सोयीस्करपणे लिहिलेलं नाही. नाताळाची साफसफाई निघाली तेव्हा आईंनी नेमकं त्याच पाटीकडे बोट दाखवलं. मी पाळकसाहेबांना विचारलं, ते खुशीत म्हणाले, "बिल्कुल, अम्मा!"

"आई, त्यानं आपलीच माणसं कापली असतील," आमचे हे म्हणाले.

"मेलेल्या माणसाशी कसलं वैर? आणि पाटी बघ किती काळवंडलीय."

आईंनी घरून चिंच आणि मीठ नेलं, पदर खोचला आणि दिवाळीआधी शेजारणी घागरी घासतात तशी पाटी घासायला घेतली. मी खिडक्या पुसत होते, हे बाकं सरकवत होते. वळून बघते तर पितळ सोन्यासारखं झळकत होतं, पण अक्षरांत भरलेला काळा रंग चिंचेच्या चोथ्याबरोबर निघून आला होता. साहेब लखलखीत झाला, पण नाव काही वाचता येईना!

मला हसू फुटलं. मग आईंचा चेहरा दिसला आणि मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"करायला गेले काय, अन् उलटे झाले पाय," त्या म्हणाल्या. "याला सांग, माझं तिकीट काढ. इथं माझा उपयोग नाही."

तेवढ्यात पाळकसाहेब आले. पाटीपुढे उभे राहिले, अक्षरांवरून बोट फिरवलं. आई खाली मान घालून उभ्या. आमच्या यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे.

"अम्मा," पाळकसाहेब म्हणाले, "इतना चमकता तो मैंने इसे कभी देखा ही नहीं. लेकिन अब ये अक्षर कौन भरेगा?"

पेंटर बोलावू, असं मी म्हणणारच होते. पण आईंनी पदराला हात पुसले आणि मला बाजूला सारून दिल्लीत पहिल्यांदाच स्वतः बोलल्या,

"मैं है ना!"