चार वह्या

अत्तराचा फाया मनगटावर टेकवला की अप्पा लगेच हुंगू द्यायचे नाहीत. "निधान, मास्तर, निधान," म्हणायचे. कानडीत निधान म्हणजे सावकाश. "आधी त्याला तुमच्या अंगाची वळख होऊ द्या."

निजामी अमलात मी लोहाऱ्याच्या शाळेत उर्दू शिकवायचो. दोन गल्ल्या पलीकडं त्यांची अत्तराची भट्टी होती. तांब्याच्या भांड्यात वाळा नाहीतर मोगरा शिजत असायचा आणि हे शेजारी पोत्यावर बसून, मांडीवर वही घेऊन कादंबरी लिहायचे. "भट्टी सोडून उठता येत न्हाय. नुसतं बसून काय करायचं?" साहित्यावरचं त्यांचं भाषण एवढंच.

पहिल्या दोन कादंबऱ्या सोलापुरात छापल्या होत्या. येरमाळ्याच्या यात्रेत ते अत्तराच्या कुप्यांशेजारी त्या मांडायचे. बाया अत्तर घ्यायच्या. पुस्तक उचलून हुंगायच्या आणि परत ठेवायच्या. तुम्हांला वाटेल, त्यांना वाईट वाटत असेल. ते हसायचे. "नाकानं का हुईना, वाचली की."

तिसऱ्या कादंबरीच्या चार वह्या एके दिवशी त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. "गावात पुस्तकं वाचणारे तुमीच. खरं ते सांगा. दुसरी प्रत न्हाय."

महिनाभर त्या माझ्या ट्रंकेत पडून होत्या. भेटले की मी म्हणायचो, "वाचतोय, वाचतोय." वेळ होता. नुसता कंटाळा केला.

मग रझाकारांचे दिवस आले. घरांच्या झडत्या सुरू झाल्या. कादंबरीत एका जुलमी अंमलदाराची गोष्ट आहे, एवढं त्यांनी मला सांगितलं होतं. माझी नोकरी सरकारी. आणि वह्यांना वाळ्याचा असा वास, की ट्रंक उघडताच कुणीही मालकाचं नाव सांगितलं असतं. शेजारच्या गल्लीत झडती झाली, त्या दुपारी मी चारही वह्या चुलीत घातल्या.

घरभर वाळा दरवळला. शेजारीण दारातून म्हणाली, "मास्तर, काय जाळायलाव? लई ग्वाड वास सुटलाय."

"काही नाही. कचरा."

माझ्या घरी झडतीला कुणीच आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही.

आठवड्यानं मी भट्टीवर जाऊन त्यांना सांगितलं. ते भांड्याखालचा जाळ सारखा करत राहिले. "बरं केलं. तुमाला लेकरंबाळं हायती." मग अवघडून म्हणाले, "पर वाचली व्हती न्हवं? कशी वाटली?"

"उत्तम."

"कंचा भाग आवडला?"

"शेवट. शेवट फार छान."

त्यांचा आवाज चढला नाही.

"शेवट लिव्हायचाच हाय, मास्तर. तुमच्याशी बोलून लिव्हणार व्हतो."

मी खाली बघत भट्टीवरून उठलो.

पुढं निजामी गेली. छापायची भीती उरली नाही. पण त्यांनी पुन्हा वही उघडली नाही. जाळापुढं हात मांडीवर टाकून नुसते बसलेले दिसायचे. दिसायचे म्हणजे लांबून. मी शाळेची वाट बदलली होती.

ते वारल्याचं ऐकलं, तेव्हाही मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतलो. महिन्याभरानं त्यांची लेक सास्तूरहून माझ्याकडं आली. "अप्पाची शेवटची कादंबरी तुमीच तेवढी वाचलीया म्हणं. काय व्हतं तिच्यात?"

"मी वाचली नव्हती, बाई."

हातातला चहाचा कप तिनं न पिताच खाली ठेवला, पदर सावरला आणि उठली.