वांग्यांची वही

रोहणा गावातल्या आमच्या कोल्ड रूमच्या उत्तरेच्या भिंतीला दुपारभर सावली असते. भाजी घेऊन आलेल्या बाया, टेम्पोवाले, समितीची मंडळी तिथं टेकतात, आणि कोणीतरी सुरुवात करतंच, "आठवते काय, त्या येन्सनं..." झालं! आतली भाजी आठवडाभर टिकते, बाहेरचे किस्से भर उन्हात वर्षानुवर्षं टिकून आहेत. त्यातले थोडे सांगतो. हसण्यासारखे म्हणून सांगायला घेतो खरे, पण सगळेच हसण्यासारखे नाहीत.

मी सुधाकर. आर्वीला फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं माझं, आता या कोल्ड रूमचा ऑपरेटर आहे. खोली म्हणजे डेन्मार्कहून जहाजानं आलेला एक मोठा पांढरा पेटारा. छतावर सोलरच्या प्लेटा, आत बर्फाची टाकी. दिवसा उन्हावर बर्फ करायचा आणि ऊन गेल्यावर त्या बर्फावर खोली थंड ठेवायची. लाईट नको, डिझेल नको, धूर नाही. हवामान बिघडत चाललंय तर पुढारलेल्या देशांनी आपलं चांगलं तंत्रज्ञान बाकीच्यांना द्यावं, अशा कुठल्याशा करारातून ती आमच्याकडे आली. अट एकच. खोली वापरात राहिली पाहिजे. एक हंगाम बंद पडली, की पेटारा उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेणार.

ही अट आम्हा सगळ्यांना माहीत होती, पण झोंबली होती ती विमलकाकूंना. कारण डांबरी रस्त्याला लागून असलेला आपल्या वावराचा तुकडा त्यांनी खोलीसाठी दिला होता, आणि गावातल्या चाळीस बायांना शब्द दिला होता, "आता भाजी फेकाले लागणार नाई."

*

उद्घाटनाच्या दिवशी काकूंनी खोलीची पूजा केली. दाराला कुंकू, प्लेटांना कुंकू, आणि शेवटी भिंतीवरच्या एका करड्या पेटीला लावायला गेल्या, तर डेन्मार्कचा इंजिनीअर येन्स मध्येच आडवा आला. खोली किती थंड ठेवायची हे ती पेटी ठरवते, तिला कंपनीचं सील आहे, सील तुटलं की गॅरंटी संपली, असं त्यानं समजावून सांगितलं. आतला आकडा बदलायचा असेल तर पासवर्ड लागतो आणि तो फक्त कंपनीकडे असतो.

माझ्या मोडक्या इंग्रजीतून जे कळलं ते मी काकूंना सांगितलं. त्या येन्सकडे वळल्या.

"मशीन आमच्या वावरात अन् चावी तुमच्या देशात! पोरगी सासरी धाडली अन् तिच्या पेटीची चावी मायबापानं ठेवून घेतली, असं कोठी असते काय?"

हे वाक्य मी येन्सला इंग्रजीत सांगू शकलो नाही. त्यानं हात जोडले, काकूंनीही जोडले.

*

पहिल्याच आठवड्यात बायांनी हौसेनं वांगी भरली. चौथ्या दिवशी बाहेर काढली तेव्हा अशी चकचकीत, की खोलीच्या समितीचे अध्यक्ष भास्कररावांनी फोटो काढून गावभर पाठवले. आर्वीच्या बाजारात पोचेपर्यंत सालीवर खड्डे पडले, देठ काळे झाले. दुपारी एक वांगं चिरलं तर आतून तपकिरी!

पेटीतला आकडा होता चार. गाजराला, सफरचंदाला चार डिग्री म्हणजे स्वर्ग. पण आमचं वांगं उन्हातलं. त्याला दहाच्या खाली नेलं की ते आतल्या आत मरतं. हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर येन्सलाही नव्हतं.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, "तापमान डिझाइनप्रमाणे अचूक आहे."

त्या संध्याकाळी एका बाईनं आपलं टोपलं खोलीच्या दारासमोर उपडं केलं आणि पाठ फिरवून निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काकू एकेक वांगं उचलून परत टोपल्यात भरत होत्या.

"हिव भरलं बावा याले," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खोलीत निम्मीच भाजी आली.

*

मग मे महिना आला. दुपारी मशीन आपोआप बंद पडायला लागलं. कंपनीचे लोक तिकडे बसून इंटरनेटवर आमचे आकडे बघायचे. त्यांचा मेल आला, "बाहेरचं तापमान मोजणारा तुमचा सेन्सर खराब आहे. तो सत्तेचाळीस दाखवतो आहे. नवीन पाठवत आहोत."

नवीन सेन्सर आला, मी बसवला. त्यानंही सत्तेचाळीस दाखवले. परत मेल, "हाही खराब निघाला, क्षमस्व." तिसऱ्या सेन्सरबरोबर येन्स स्वतःच आला.

दुपारी दोन वाजता तो मशीनपाशी जाऊन उभा राहिला. मी सावलीतून बघत होतो. दहा मिनिटांत त्याचा चेहरा पिकल्या टमाट्यासारखा झाला. आत येऊन त्यानं अख्खा तांब्या रिकामा केला आणि हळूच म्हणाला, "सुधाकर, सेन्सर चांगला आहे."

तिसरा सेन्सर अजून खोक्यातच आहे. कूलरला लावतो तशा वाळ्याच्या ताट्या आम्ही मशीनच्या भोवती उभ्या केल्या, त्यांवर पाणी सोडलं, आणि मशीन दुपारचंही चालायला लागलं. येन्सनं त्या ताट्यांचे इतके फोटो काढले, की मला वाटलं आता डेन्मार्कातही कूलर विकायला निघतो की काय!

*

त्या वेळी येन्स महिनाभर राहिला. काकू रोज त्याला डबा द्यायच्या. भाकर, पिठलं, कधी वांग्याची भाजी, तिखट बेतानं. पहिल्या दिवशी त्यानं डबा लख्ख घासून परत दिला. काकूंनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि डबा त्याच्या हातात परत ठेवला.

"रिकामा डबा परत देत नाईत. चिमूटभर साखर तरी टाकजो."

तेव्हापासून तो रोज काहीतरी टाकून द्यायचा. एक चॉकलेट, आर्वीच्या दुकानातली साखरेची पुडी, एकदा नुसताच एक पितळी स्क्रू! काकूंनी तो स्क्रू देव्हाऱ्यात ठेवला. येन्स वाईट माणूस नव्हता हो. आकडा बदलायला पासवर्ड आम्हाला देऊ द्या म्हणून त्यानं माझ्यासमोर चारदा कंपनीला फोन लावला. चारही वेळा तिकडून नकारच आला.

*

येन्सच्या जाण्याच्या दिवशी कागदांवर सह्या झाल्या. आता पेटारा आमचा, वापराची अट मात्र तशीच. पेटीतली अक्कल तेवढी कंपनीची. भास्कररावांनी शाल-नारळ दिला. येन्सनं शेवटचा डबा काकूंना परत केला. काकूंनी सवयीनं झाकण उघडलं.

डबा रिकामा होता.

येन्सचे डोळे भरले होते. माझ्याकडे वळून म्हणाला, "तिला सांग, माझ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती माझी नाही."

मी सांगितलं. काकूंनी झाकण लावलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गाडी गेल्यावर म्हणाल्या, "लय गरीब पोरगं आहे रे ते."

*

पुढची वांगी तोडायला आली तेव्हा खोलीत कोथिंबिरीच्या चार जुड्या होत्या, बस. आणखी महिनाभर असं चाललं असतं तर पेटारा न्यायला ट्रक आलाच असता. मी पाना-पेचकस घेऊन पेटीसमोर उभा राहिलो. आयुष्यभर लोकांचे फ्रीज उघडले, पण कंपनीचं ते सील तोडायला मन धजेना.

"सरक," काकू म्हणाल्या, आणि विळ्यानं सील कापलं. "वावर माहं आहे. इचारतीन त मले इचारतीन."

पासवर्डच्या यंत्राला बगल देऊन मी थंडी कमी-जास्त करणारा, दुकानात मिळतो तो साधा थर्मोस्टॅट लावला. नंतरचे तीन उन्हाळे शिकण्यात गेले. मध्ये गोणपाटाचा पडदा टाकून खोलीचे दोन भाग केले, थंड भागात पालक-कोथिंबीर आणि दाराकडे वांगी. कोणती भाजी कुठं, किती डिग्रीवर, किती दिवस, कोणत्या महिन्यात काय बिघडलं, सगळं मी एका वहीत लिहीत गेलो. पहिलं पान वांग्यांचं. बाया परत आल्या. उपडं टोपलं टाकून गेलेली बाईही आली, आणि आता सगळ्यात आधी तीच येते.

*

मागच्या हिवाळ्यात मालावीहून मर्सी आली. आफ्रिकेतला देश तो. तिच्या गावात बायांच्या गटाकडे अगदी असाच पेटारा, अशीच करडी पेटी, असंच सील. आमची खोली चालते हे कुठूनतरी कळलं, म्हणून तिला बघायला पाठवलं होतं. येताना तिनं वेताच्या टोपलीतून स्वतःच्या शेतातले शेंगदाणे आणले होते.

ती यायच्या आदल्या दिवशी समितीची मीटिंग झाली. सगळ्यात जास्त मीच बोललो. "आपल्याले कोणं देल्लं होतं काय? आपण सोधलं, आपण नुकसान सोसलं. खोली दाखवू, चहा पाजू, वही नाई!" भास्कररावांनी मान डोलावली. काकू शेंगा सोलत बसल्या होत्या.

मीटिंग संपल्यावर मी वही करड्या पेटीत ठेवली, बाजारातून एक कुलूप आणलं आणि पेटीला लावलं.

मर्सीनं सगळं बघितलं. ताट्या बघितल्या, गोणपाटाचा पडदा हातानं चाचपला. तिच्या खोलीतले टमाटे कसे आतून मरतात ते सांगितलं. बाया तिच्याशी बोलेनाशा झाल्यात, तेही सांगितलं. मग पेटीसमोर आली. कुलुपाकडे बघत उभी राहिली.

"आमच्याकडेही असंच आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

मी ताट्यांवर पाणी सोडायला निघून गेलो. हिवाळ्यात ताट्यांना पाणी लागत नाही, हे मलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नागपूरला विमानतळावर न्यायला गाडी आली. मर्सी आत बसली, सगळे निरोप द्यायला जमले. तिची टोपली काकूंच्या हातात होती. काकू ती देईचनात.

"सुधाकर, टोपली रिकामी आहे."

"कोथिंबीर टाका ना काकू."

"इमानात सडंल ते."

"मंग चिवडा टाका."

काकूंनी टोपली छातीशी धरली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. भास्करराव माझ्याकडे बघायला लागले, बाया बघायला लागल्या. मला राग आला. कोणाचा ते आजही नीट सांगता येत नाही. मी तरातरा खोलीत गेलो, कुलूप काढलं, पेटीच्या आत ठेवलेली वही घेतली आणि आणून टोपलीत टाकली. तीन उन्हाळे होते त्यात!

काकूंनी टोपली दोन्ही हातांनी मर्सीला दिली. तिनं वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि माझ्याकडे बघितलं. सगळं मराठीत, आणि अक्षर माझं, जे माझ्या बायकोलाही लागत नाही.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"तिले वाचता येत नाई ते."

"मंग उभा काऊन आहेस? बस गाडीत. वाचून सांगजो. नागपूर येईस्तोर होते."

मी बसलो. अर्ध्या वाटेवर, कारंजाच्या ढाब्यावर ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा आम्ही अजून वांग्यांवरच होतो.