वाघोबाच्या वाटेवरचा दगड

“शाळा इंग्रजी, पण चेडवान देव बरोबर दाखवल्यान हां,” आत्या स्वयंपाकघरात शेजारच्या काकूंना सांगत होती. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक धरून बसले होते आणि पान उलटायचं विसरले होते.

“मग पुढल्या खेपेला मलाही न्या हो,” काकू म्हणाल्या. “सुनेसाठी नवस बोलायचाय. तुमची भावजय उठून बसली, म्हणजे देव जागृत दिसतो.”

माझे कान तापले. तो देव नव्हताच, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घर सांभाळायला आत्या मालवणकडच्या गावाहून अंधेरीला आली. आईच्या जिवाची तिला फार धास्ती होती. डबा हॉस्पिटलात पोचला की ती देव शोधायला निघायची. मोठ्या देवळांत तिचं मन रमत नसे. “थंय गर्दी. आपला कोण आयकतलो? ज्याच्या जाग्यार आपण ऱ्हवतो, त्येका आधी सांगूक होया.” मग आम्ही मरोळच्या शेतांच्या कडेची गावदेवी पाहिली, एका पडक्या विहिरीच्या काठावरचा शेंदूर फासलेला देव पाहिला, चिंचेखालच्या दोन झिजलेल्या मूर्ती पाहिल्या. आत्याला बसची पाटी वाचता येत नव्हती, म्हणून वडिलांनी मला बरोबर लावून दिलं होतं. तिचं नऊवारी, अनवाणी पाय, हातातला शेंडीचा नारळ. मी चार पावलं मागून चालायची. कोणी ओळखीचं भेटलं तर आम्ही बरोबर आहोत असं वाटू नये, एवढं अंतर.

प्रत्येक ठिकाणी ती गाऱ्हाणं घाली. आमच्याकडे देवाशी मोठ्यानं बोलतात. एकानं मागणं सांगायचं आणि बरोबरच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, त्याशिवाय ते पुरं होत नाही. मी नुसते ओठ हलवायची. आत्या जरा वाट बघून स्वतःच म्हणून टाकायची.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी आम्ही आरे कॉलनीत गेलो. भाजी घेऊन येणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, गोठे मागे टाकून पाड्याच्या वाटेला लागलं की वाघोबा आहे. वळणावर पोचलो आणि समोरून माझ्या वर्गातल्या दोघी येताना दिसल्या. सहलीहून परतत होत्या, एकीच्या खांद्याला थर्मास होता. पाड्याची वाट त्यांच्या पुढ्यातूनच जात होती. डाव्या हाताला झुडपांमागे गुडघ्याएवढा एक दगड होता. हद्दीचा. मोजणीवाल्यांनी त्यावर लाल रंग फासला होता.

“हाच,” मी म्हटलं आणि आत्याला झुडपांमागे घेतलं.

ती खाली बसली. पदरानं दगड पुसताना रंगाखालचं अक्षर आणि आकडा तिच्या बोटांना लागले.

“ह्यां काय लिवलाहा गो?”

“देवाचं नाव.”

आत्यानं नारळ फोडला आणि नवस बोलत दोन्ही हातांनी दगडाला स्पर्श केला. “बा देवा म्हाराजा, ह्या रानाच्या राखणदारा, माझी भावजय बरी होऊन घराक येऊ दे रे म्हाराजा.” ती थांबली. मी फांद्यांमधून रस्त्याकडे बघत होते. त्या दोघी हसत निघून गेल्या, त्यांनी इकडे मान वळवूनही पाहिलं नाही. मागे आत्यानंच ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

आई बरी झाली. सोमवारी घरी येणार होती. त्याआधी रविवारी नवस फेडायचा म्हणून आत्यानं मोठा नारळ आणून ठेवला. डोकं दुखतं म्हणून सांगावं, बस बंद आहे म्हणावं, असं आठवडाभर माझं चाललं होतं. त्यात काकूंचं ते बोलणं ऐकलं. शेवटी मी मुकाट्यानं निघाले.

दगडापाशी आमच्या नारळाच्या शेंड्या तशाच पडल्या होत्या. त्या बघून कोणी तरी तिथं जास्वंदीची दोन फुलं वाहिली होती. ताजी होती.

आत्या बसायला वाकली तेव्हा मी तिचं कोपर धरलं. मी नकारार्थी मान हलवली आणि पाड्याच्या वाटेकडे बोट केलं.

तिनं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आणि तां नाव?”

मी पुन्हा मान हलवली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नारळ पिशवीत ठेवला आणि चालू लागली. या वेळी ती चार पावलं पुढे होती. माझ्यासाठी थांबली नाही.

वाघोबा एका झाडाखाली होता. फळीवर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र. हंडा घेऊन चाललेली पाड्यातली एक बाई आम्हाला बघत उभी राहिली. आत्यानं नारळ ठेवला, भावजय बरी झाल्याचं सांगितलं, आणि मग आवाज न चढवता म्हणाली, “चेडवाकडसून जी काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा.”

ती थांबली. या वेळी स्वतः काही म्हणाली नाही. हात जोडून, पाठमोरी, नुसती वाट बघत राहिली.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.