कावळ्याच्या टोकाखालून

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. अंड्यांचा खोका घेतला की दुकानातच उघडून बघते. माझा नवरा लॉर्न म्हणतो, "एल्स्पेथ, तू स्वर्गात गेलीस तरी दारावरच्या माणसाकडे आधी ओळखपत्र मागशील." म्हणा बापडे! म्हणूनच आमच्या पेन्रोज कोव्हच्या शर्यतीची वही बावीस वर्षं माझ्याकडे आहे. भोळ्याभाबड्या माणसाचं ते काम नव्हे.

आमची शर्यत जूनच्या दुसऱ्या शनिवारी असते. सकाळी आठला धक्क्यावरून सुटायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने, जंगलातून बावीस किलोमीटर पळत सभागृहाच्या दारात यायचं. पळत म्हणजे जमेल तिथे पळत. बाकी ठिकाणी ओल्या मुळांवरून घसरायचं, शिड्या चढायच्या, चिखलात अडकलेला बूट उपसून काढायचा. साडेबाराला मी घंटा वाजवते. घंटेनंतर आलेल्याला सूप मिळतं, वहीत जागा मिळत नाही.

सतराव्या किलोमीटरला एक पूल आहे. पुलानंतर समुद्रात शिरलेला डोंगर, आमचं कावळ्याचं टोक, आडवा येतो आणि वाटेला दोन फाटे फुटतात. एक वरून, डोंगर चढून. दुसरी खालून, टोकाच्या पायथ्याच्या वाळूवरून. खालची वाट निम्म्या वेळात होते, पण भरती चढली की ती पाण्याखाली जाते. कुणी कुठून जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. दारात पोहोचल्यावर माणूस नुसतं "वरून" किंवा "खालून" म्हणतो आणि मी तसं लिहिते. मध्ये साक्षीला कुणी नसतं. पहिल्या शर्यतीपासून हीच रीत आहे. मला ती कधीच आवडली नाही.

आता विनी थॉर्सनबद्दल. विनी मासळीच्या कारखान्यात होती. तो बंद पडला तेव्हा तिचं वय शेहेचाळीस, नवरा नुकताच गेलेला. घरात बसून वेड लागेल म्हणून ती जंगलात पळायला लागली. मग शाळेची बस चालवायला लागली, पण पळणं सुटलं नाही. बुटकी, रुंद, दोन्ही गुडघे आत वळलेले. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून पळताना मोठमोठ्याने चर्चमधली गाणी म्हणायची, तीही बेसूर. अस्वलं त्यामुळेच पळत असावीत.

आमच्या सभागृहात देवदाराची एक फळी आहे. वीस वेळा शर्यत पुरी करणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरतात. विनीच्या एकोणीस झाल्या होत्या. या वर्षी ती सदुसष्ट वर्षांची, आणि सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यानंतर पळणं बंद. म्हणजे विसावी याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

शर्यतीच्या दिवशी दाट धुकं होतं. आदल्या संध्याकाळी मी भरती-ओहोटीच्या पुस्तकात बघून पुलापाशी फळा लावला होता: खालची वाट अकरापर्यंत. लॉर्न पुलावर बसून वायरलेसवरून मला नंबर कळवत होता. दहाच्या सुमाराला तरणी पोरं पूल ओलांडून खालून आली. मग अकरा वाजून दहा मिनिटांनी लॉर्न म्हणाला, "विनी गेली गं. चेहरा लालभडक झालाय, पण गातेय."

मी मनात हिशेब केला. अकरा वाजून गेले, म्हणजे ती वरूनच येणार. या वयात, या गुडघ्यांनी वरून यायला पावणेदोन तास. म्हणजे घंटा चुकली. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

बारा वाजून पाच मिनिटांनी विनी दारात उभी!

"खालून," ती धापा टाकत म्हणाली.

माझं पेन जागच्या जागी थांबलं. मी तिच्या पायांकडे बघितलं. चिखल होता, वाळूही होती, पण गुडघ्याच्या वर विजार कोरडी ठणठणीत. भरतीतून आलेली बाई कंबरेपर्यंत भिजलेली हवी. कुठंतरी पाणी मुरत होतं, फक्त तिच्या विजारीत नव्हतं.

"खालून?" मी विचारलं.

"हो गं बाई, खालून. लिही की!"

मी नुसतं नाव लिहिलं, पुढचा शब्द लिहिला नाही. तिच्यामागचे चौघं फळा वाचून वरून गेले होते. ते एक वाजता चडफडत आले. त्यातल्या एकाने सांगितलं, की लाकूडतोडीच्या रस्त्यावर ड्वेनची पिकअप दिसली. ड्वेन म्हणजे विनीचा शेजारी. झालं! माझ्या डोक्यात चित्र पुरं झालं. पुलाच्या पुढे गाडीत बसली, गावाबाहेर उतरली, बुटांना वाळू फासली.

ड्वेनला गाठलं तर तो खेकसला, "फुलवाल्यांसाठी हिरवा पाला तोडायला गेलो होतो. दर शनिवारी जातो. आता त्यालाही तुझी परवानगी काढू का?"

लॉर्न म्हणाला, "अगं, ती गात गात खालीच उतरली. मी ऐकलं ना."

"तुला स्वयंपाकघरातली किटली ऐकू येत नाही," मी म्हणाले, "आणि अर्ध्या मैलावरची विनी ऐकू येते?"

सोमवारी शर्यतीची कमिटी बसली. मी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं, बोट ठेवून वेळ दाखवली. पुस्तकापुढे कोण बोलणार? विनीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "धुक्यात फळा दिसला नाही. खाली उतरले तर वाळू मोकळी होती, म्हणून आले." कमिटीने नाव खोडलं. खरं म्हणजे मीच खोडलं, पट्टी धरून. विनीने कोट घातला, बटणं नीट लावली आणि निघून गेली. चोर असती तर भांडली असती, असा विचार मनात आला. तोही मी झटकून टाकला. पक्के चोर भांडत नाहीत, म्हटलं.

बुधवारी शिंपल्या उकरायला बादली घेऊन खाडीवर गेले. पुस्तकात ओहोटी सव्वाअकराची होती. सव्वाअकराला पाणी थांबायला हवं. थांबेना! साडेअकरा झाले, पावणेबारा झाले, पाणी आपलं मागेच चाललंय. मला पहिला संशय आला तो पुस्तक छापणाऱ्यांचा. सगळे मेले आळशी, आकडे न तपासता छापतात! सव्वाबाराला कुठे पाणी टेकलं. मी तणतणत घरी आले आणि लॉर्नपुढे पुस्तक आपटलं.

तो हसायला लागला. "तास मिळवलास का?"

"कसला तास?"

"अगं, पुस्तकात हिवाळ्याची वेळ असते. उन्हाळ्यात आपली घड्याळं एक तास पुढे. दरवर्षी मी मुखपृष्ठावर पेन्सिलीने लिहून ठेवतो, एक मिळव म्हणून. या वर्षी मी लेकीकडे..."

बोलता बोलता त्याने मुखपृष्ठ माझ्यापुढे धरलं. ते कोरं होतं.

हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. लॉर्नची पेन्सिल होती म्हणून वर्षानुवर्षं ते डोक्यात ठेवावं लागलं नव्हतं, इतकंच. फळ्यावर बारा हवे होते. विनी टोकाखालून गेली तेव्हा वाट उघडी होती. मागच्या चौघांना मी उगाच डोंगर चढायला लावला. पण त्यांना पुढचं वर्ष होतं. विनीला नव्हतं.

 तशीच चिखलाच्या बुटांनी विनीकडे गेले. ती अंगणात गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती.

"विनी, चूक माझी होती," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. "आजच कमिटीला सांगते. नाव कोरून घेते. मला माफ कर."

तिने बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "हिशेब चुकला म्हणून आलीस होय! हिशेब बरोबर असता तर मी चोरच राहिले असते."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे, एल्स्पेथ. एकोणीस वर्षं मी सांगितलं आणि तू लिहिलंस. मला वाटायचं, तू माझ्यावर विश्वास ठेवून लिहितेस."

 मी बुटांकडे बघत उभी राहिले.

"कमिटीला तुझं तू सांग," ती म्हणाली. "शर्यतीला पंधरवडा झाला की पाणी पुन्हा त्याच वेळेला असेल. त्या शनिवारी अकराला पुलावर ये. वही घेऊन ये."

कमिटीत मी उभं राहून माझी चूक सांगितली. ऐकायला आलेल्या ड्वेनने मुद्दाम जोरात टाळ्या वाजवल्या. वाजवू दे, म्हटलं. मी त्याच लायकीची होते.

त्या शनिवारी विनी काठी टेकत आली. आम्ही पुलापासून खाली उतरलो. दोरी धरून, मुळांवरून, बसत-घसटत. बावीस वर्षं मी लोकांच्या नावापुढे "खालून" लिहीत आले, पण ती वाट कधी पायाखाली घातली नव्हती. ती पुढे होती, गात होती. प्रत्येक पायरीला तिचा गुडघा कुरकुरायचा, तेवढ्यापुरतं गाणं थांबायचं. या पायांनी ही बाई पळत आली होती, आणि मी तिची विजार तपासत बसले होते.

टोकाच्या पायथ्याला वाळू मोकळी होती, चांगली दहा-बारा पावलं रुंद. पाणी पलीकडे. विनी थांबली.

"किती वाजले?"

"साडेअकरा," मी म्हणाले. 

"मग लिही."

मी वही उघडली. पट्टीने मारलेल्या रेघेखाली पुन्हा तिचं नाव लिहिलं, पुढे "खालून" लिहिलं. तिला दाखवायला वही पुढे केली.

"मी कशाला बघू?" विनी म्हणाली आणि काठी टेकत पुढे निघाली. "तू लिहिलंस म्हणतेस ना?"