जावयाने धरलेली मरळ

मे महिन्यात राहात्यात पंख्याखाली भाजून निघण्यापेक्षा कुठेही जावं, अशा विचारात असताना शाळेतली मैत्रीण सुरेखा म्हणाली, "माझ्या माहेरी चल. रविवारी अख्खा गाव मासे धरतो." मासे म्हटल्यावर मी विचार करत नाही, पिशवी भरते.

राहाता, संगमनेर, अकोले, राजूर असा एसटीचा प्रवास. बायकांना अर्धं तिकीट, खिडकी मात्र भांडूनच मिळवावी लागते. राजूरला उतरून गरम भजी खाऊन घ्या, कारण पुढच्या जीपमध्ये माणसं इतकी की हात तोंडापर्यंत जात नाही. सुरेखाच्या आईने, हौसामावशींनी, नाचणीची भाकरी आणि ठेचा समोर ठेवला आणि सगळी हाडं जागेवर आली.

उन्हाळ्यात इथला ओढा आटून नुसते डोह उरतात. त्यातल्या खालच्या डोहांत वर्षातून एक दिवस सगळे मिळून मासे धरतात. वरच्या डोहाला कोणी हात लावत नाही. सकाळी जाळी, टोपल्या, जुन्या साड्या घेऊन सगळे पाण्यात. मीही उतरले. दोन तासांत मी एकही मासा धरला नाही, उलट एका खेकड्याने मला धरलं.

काठावरच्या दगडावर गावातली एक जाणती बाई बसते. प्रत्येक मोठा मासा आधी तिच्या हातात जातो. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, लागली, की तो वरच्या डोहात सोडायचा. यंदा तो मान हौसामावशींचा.

तेवढ्यात आरोळी उठली. सुरेखाचे नवे मेहुणे, सुप्याच्या कंपनीत कामाला असलेले संतोषराव, लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला आले होते. त्यांनी हातभर लांब मरळ धरली होती! फोटो काढून कंपनीतल्या मित्रांना पाठवूनही झाले. मावशींनी पोटावरून बोट फिरवलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. पोट टच्च होतं.

"जावयाची हाय, खाऊ दे की," कोणीतरी म्हणालं.

सुरेखा माझ्या कानाशी लागली, "आज जावयाला सूट दिली तर पुढं आईचं कोण ऐकणार? आणि नाही म्हणाली तर हे रुसणार. निस्तरायला माझी धाकटी बहीण." मला मावशींची फार दया आली.

मावशी उठल्या, पदर सावरला. "जावईबापू, लेक बाळंतपनाला माहेरी येती. हीबी आलीया. तिला कापून तुमच्या ताटात कशी वाढू?"

संतोषरावांनी मोबाईलमधला मरळीचा फोटो एकदा बघितला. मग मरळ पाण्याच्या हंड्यात टाकत म्हणाले, "सोडतो. पर बारशाला मला बोलवा."

सगळा ओढा हसला. हंडा घेऊन ते स्वतःच वर गेले. जेवताना मात्र बारक्या माशांच्या कालवणात बोट घालून म्हणाले, "लई काटं हायेत." मावशींनी अजून दोन वाढले.

भांडी घासताना मी विचारलं, "मग या बारक्यांचं काय, मावशी? त्यांनाही जीव आहेच की."

"हाय की. पोट हाय म्हनून खातो. पर समदंच खाल्लं तर फुडच्या साली नातवंडं काय खात्याल?"

मला ते पूर्ण पटलं नाही. कालवणाची दुसरी वाटी मात्र मी जेवतानाच घेतली होती.

परतल्यावर आठवडी बाजारात गेले. मासेवाल्या बाईने रोहू पुढे केला. माझं बोट आपोआप त्याच्या पोटावर गेलं.

"गाभोळी हाय मॅडम, म्हनून तर भाव जादा," ती खुशीत म्हणाली. एरवी मी हीच मागून घेते.

"दुसरा द्या," मी म्हटलं.

"का वो? चांगला हाय की!"

चांगलाच होता. पण आता त्याला सोडायला कुठला डोह नव्हता.