न जोडलेला वॉचडॉग

आमच्या घरी कुणाची नजर काढायला लागले की मी समोर उभी राहून विचारायची, "मीठ-मोहरीनं नक्की काय होतं, ते सांगा." शेवटी आई मला आधी बाहेर हाकलायची आणि मग नजर काढायची. अजूनही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... पण हे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हसायचं तर हसा.

मी बुरहानपूरच्या लोधीपुऱ्यातली, नोकरी पुण्यात. छोट्या कंट्रोल बोर्डांसाठी लिनक्स कर्नलचे ड्रायव्हर, म्हणजे चिपकडून काम करून घेणारं सॉफ्टवेअर, लिहिणं हे माझं काम. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर येताना एक बोर्ड सोबत आणला. इच्छापूरच्या बाजूला माझ्या मामांची केळीची बाग आहे. तिकडे मोटरच्या स्टार्टरला 'ऑटो' लावलेला असतो — लाइट आली की मोटर आपोआप सुरू. त्या ऑटोच्या जागी आमचा बोर्ड बसवून खऱ्या शेतात चाचणी घ्यायची, ही हौस माझीच.

बोर्ड मधूनच हँग व्हायचा. अशा वेळेसाठीच त्यावर वॉचडॉग टायमरची चिप असते. रखवालदार समजा. सॉफ्टवेअरनं त्याला थोड्या थोड्या वेळानं "जागा आहे" असं सांगायचं. आवाज आला नाही, की तो बोर्ड सरळ रीसेट करतो. आमचा रखवालदार मात्र ढिम्म! ड्रायव्हर मी लिहिलेला, म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर. टाइमआउट बदलून पाहिला, मुद्दाम कर्नल क्रॅश करून पाहिला... बोर्ड मेल्यासारखा पडून राही, रीसेट काही होत नसे. मामा येता-जाता चिडवायचे, "काय बेटा, तुझा कुत्रा आज तरी भुंकला का?"

त्या दिवशी लाइटची पाळी संध्याकाळची होती. भर दुपारी मी स्टार्टरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. "आलोच मी," म्हणून मामा गेले. मला वाटलं, जेवायला घरी गेले असतील. आणि अचानक खोलीतला बल्ब लागला. पाळी नसताना लाइट!

बोर्डनं लाइट ओळखली, आता मोटर सुरू करणार... तेवढ्यात रीसेट. बोर्ड पुन्हा उठला, मोटर सुरू करायची वेळ आली — पुन्हा रीसेट. परत तेच. आणि दर वेळी आधी बोर्ड हँग, मग रीसेट, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. वॉचडॉग चालत होता! एरवी मी वैतागून स्टार्टरचं हिरवं बटण हातानंच दाबलं असतं. खरं तर बोट तिकडे गेलंही होतं. पण म्हटलं, आता कुठे गडी कामाला लागलाय, मध्ये लुडबूड नको. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून मामांना हाका मारत बाहेर पळाले.

ओ खालून आली. मोटर खोलीच्या मागे, नाल्याच्या उतारावर आहे. खोलीतून दिसत नाही. मामा तिथे उकिडवे बसले होते. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगमध्ये केळीच्या पानांच्या चिंध्या गुंतल्या होत्या, आणि त्या काढायला मामांचे दोन्ही हात आत होते.

"मामा, हात काढा! लाइट आलीय!"

"कायची लाइट? पाळी तर संध्याकाळची आहे ना!"

"आधी काढा!"

माझा आवाज ऐकून त्यांनी हात झटकन बाहेर ओढले आणि मागे सरकले. "अरे, लाइटच नव्हती, म्हणून म्हटलं कायका डर..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोटर सुरू झाली. उरलेल्या चिंध्या गरागरा फिरून उडाल्या.

मी तिथेच मातीत बसले आणि मोठमोठ्यानं रडले. मामा हात माझ्यापुढे धरून म्हणाले, "रडून काय राहिली? हे बघ, पूरी दहा बोटं आहेत."

रात्री शांत झोपले, आणि सकाळी इंजिनिअर जागी झाली. लाइट येताना झटका बसला असेल? पण बोर्ड स्वतःच्या बॅटरीवर होता. मेन स्विच कितीदा पाडला आणि चढवला, बोर्ड हललासुद्धा नाही. मुद्दाम हँग केला, तर पुन्हा नुसता पडून राहिला. मग भिंग घेऊन चिपच्या पायांपासून एकेक तार तपासत गेले. वॉचडॉगकडून प्रोसेसरच्या रीसेटकडे जाणाऱ्या रस्त्यात एक बारीकसा रेझिस्टर लागतो. या नमुन्यावर तो बसवलेलाच नव्हता! जागा रिकामी, कोरी. माझा ड्रायव्हर पहिल्यापासून बरोबर होता. पण रखवालदाराची हाक पलीकडे पोचायला वाटच नव्हती.

मग त्या दुपारी रीसेट कुणी केला?

पुण्यात आमचे साहेब म्हणाले, "लूज कनेक्शन असेल." मी म्हटलं, "सर, लूज व्हायला आधी कनेक्शन लागतं." त्यावर ते चहा घ्यायला गेले. आम्ही रेझिस्टर बसवला. तेव्हापासून वॉचडॉग नेमका चालतो, हँग झाल्यावरच रीसेट करतो. मामांनी इच्छापूरच्या इच्छादेवीला नारळ फोडला, मीही निमूट हात जोडले. का जोडले, ते विचारू नका.

परवा मामांचा फोन आला होता. दिवसभर केळीचे घड कापून हात फार दुखतायत, म्हणून कुरकुरत होते.

"दुखू देत, मामा," मी म्हटलं. "खूप दुखू देत."