पुसलेला पांढरा ठिपका

आमचा दादा फोटो स्टुडिओत रिटचिंग करतो. लोकांचे मुरूम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवणं हे त्याचं काम. अठरा वर्षं स्क्रीनला नाक लावून बसलाय. मी तिथंच काउंटर सांभाळते, त्यामुळे त्याचं कौतुक रोज माझ्याच कानांवर आदळतं. "तुमच्या भावाच्या हातात जादू आहे हो!" जादू कसली डोंबलाची!

मागच्या वर्षी हॉस्पिटलमधून एक डॉक्टर बाई आल्या. लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवर त्यांचं संशोधन चाललं होतं. अशा मुलाच्या डोळ्यातली बाहुली फ्लॅशच्या फोटोत कधीकधी पांढरी चमकते. आजार कळायच्या किती महिने आधीपासून ती चमकते, हे त्या जुन्या फोटोंवरून शोधत होत्या.

"घरच्या फोटोंत पांढरं सापडतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या स्टुडिओच्या एकाही फोटोत नाही. असं कसं?"

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "मीच पुसून टाकतो ते. फ्लॅशमुळे आलं असेल असं वाटायचं."

बाई गेल्यावर मालक दारातूनच बोलले, "ह्यातलं अवाक्षर बाहेर जाता कामा नये. लोक यायचे बंद होतील." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांचे डोळे जातायत आणि ह्यांना गिऱ्हाइकांची पडलीय! मी तसं तोंडावर सांगितलंही. दादा मात्र मूळ फाइली उघडून एकेक डोळा मोठा करून बघत बसला.

तिसऱ्या दिवशी एक दीड वर्षाची मुलगी सापडली. फोटो तीन महिन्यांपूर्वीचा. डावी बाहुली सदऱ्याच्या बटणासारखी पांढरी. आम्ही दिलेल्या फोटोत मात्र दोन्ही बाहुल्या काळ्याभोर, वर दादानं छान चमकही ठेवलेली.

मूळ फोटो छापून घेतला, ऑर्डरच्या वहीतून पत्ता काढला आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. आजी भाजी निवडत होत्या, मुलगी त्यांच्या पाठीला टेकून उभी होती. दादानं अडखळत सगळं सांगितलं. मला वाटलं, तिची आई रडेल. ती चवताळली.

"हेच सांगत होते मी! माझ्या मोबाइलात दिसलं होतं मला. कोणी ऐकेना, म्हणून तुमच्याकडे फोटो काढायला आणलं. आणि तुम्ही हा दिलात!" तिनं भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. "सगळे म्हणाले, बघ, काही नाही. तुझा मोबाइलच फालतू आहे. आणि तूही."

आजी भाजीतून मान वर करेनात.

त्याच दिवशी मुलीला हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला. डोळा काढावा लागला.

ऑपरेशननंतर आम्ही दोघं मुलीला बघायला गेलो, तेव्हा डॉक्टर बाई संशोधनाचा फॉर्म भरायला बसल्या होत्या. पांढरं पहिल्यांदा कोणाला दिसलं? "मला," आई म्हणाली. कधी? "साडेतीन महिन्यांपूर्वी."

"मग इतका उशीर का झाला?"

आईनं दादाकडे पाहिलं.

"मी पुसलं म्हणून," दादा म्हणाला.

फॉर्ममध्ये ह्या कारणासाठी रकाना नव्हता. बाईंनी ते समासात लिहून घेतलं.